नेट चालू, पण पॅकेज उतरेना

मुलुंडच्या घरी नवा राउटर बसवला त्याच संध्याकाळी लिनक्सवर निक्सने एक छोटा प्रोग्राम घ्यायला गेलो, तर संगणकाचा पंखा घोंघावू लागला. निक्स हा पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम उतरवून बसवणारे साधन) आधी सार्वजनिक भांडारात तयार पॅकेज आहे का ते विचारतो. भांडार गाठता आले नाही, तर मूळ कोड आणून आपल्याच संगणकावर बांधणी करायला बसतो. केबलवाल्याचे म्हणणे एकच: "नेट तर चालू आहे, साहेब." तेही खोटे नव्हते, कारण पिंग (समोरचे टोक उत्तर देते का, याची चाचणी) जात होता आणि बातम्यांची पाने उघडत होती.

कर्ल या टर्मिनलमधल्या डाउनलोड साधनाने भांडाराचा पत्ता तपासला तेव्हा नावाचा आयपी पत्ता मिळाला, जोडणीही झाली, मात्र आपल्याकडून 'क्लायंट हॅलो' (सुरक्षित जोडणीचा पहिला संदेश) गेल्यावर पुढे सामसूम. हाच खरा धागा. आपला हॅलो लहान असतो. उत्तरात येणारे, सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र मात्र काही हजार बाइटांचे, म्हणजे भरगच्च पॅकेटांतून (माहितीच्या गठ्ठ्यांतून) येणारे.

इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा सहसा 1500 बाइटांची असते. घरगुती ब्रॉडबँडमध्ये सर्रास वापरली जाणारी पीपीपीओई पद्धत त्यातले 8 बाइट स्वतःच्या शीर्षकासाठी घेते, त्यामुळे उरतात 1492. मोठे पॅकेट आले, तर अडवणाऱ्या यंत्राने आयसीएमपी या नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या संदेशाने 'लहान करून पाठवा' असे सर्व्हरला कळवायचे, ही व्यवस्था 1990 मधल्या आरएफसी 1191 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली वाटेतली एखादी फायरवॉल सरसकट आयसीएमपीच अडवते (हा अडाणीपणाच म्हणायचा), आणि सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. बरेच राउटर जोडणीच्या वेळीच आकार कमी सांगून हा घोळ झाकतात. माझा नवा राउटर तसे करत नव्हता. काही सर्व्हर मुळातच लहान पॅकेटे पाठवतात, म्हणून बातम्या दिसत होत्या.

पॅकेटचे तुकडे करू नयेत, अशी अट घालून पिंग केला. 1472 बाइटांचा गेला नाही, 1464 चा गेला. त्यात शीर्षकांचे 28 मिळवले की नेमके 1492 होतात. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एमटीयू (एका पॅकेटची कमाल मर्यादा) 1492 केला आणि तेच पॅकेज लगेच उतरले.

कार्यालयात मात्र आधी प्रॉक्सी (नेटकडे जाणारी मागणी जिच्यातून जाते ती मधली यंत्रणा) पाहावी: निक्सचे डाउनलोड सहसा पार्श्वभूमीला चालणारी सेवा करते, आणि टर्मिनलमध्ये लिहिलेली प्रॉक्सी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.