पित्तनलिकेतील सिस्ट: नुसता निचरा का पुरत नाही

यकृतात तयार झालेले पित्त आतड्यापर्यंत पोहोचवणारी नलिका काही जणांमध्ये जन्मापासूनच फुगलेली असते. या फुगवट्याला कोलेडोकल सिस्ट म्हणतात. हा विकार पूर्व आशियात, विशेषतः जपानमध्ये, अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण तीन-चार पट असते. बहुतेक रुग्ण बालवयातच सापडत असले, तरी काहींना प्रौढपणी पोटदुखी, ताप किंवा अधूनमधून होणारी कावीळ यांमुळे, पित्ताशयात खडे असतील या समजुतीने केलेल्या सोनोग्राफीत, त्याचा पत्ता लागतो. नलिकांचा नेमका नकाशा एमआरसीपी या, पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांच्या एमआरआय तपासणीत मिळतो.

बॅबिट या डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडलेले कारण आजही बऱ्याच अंशी मान्य आहे, जरी ते सर्व प्रकारांना लागू पडत नाही. या रुग्णांत पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्याच्या भिंतीबाहेरच एकमेकींना मिळतात, त्यामुळे तेथील स्नायूंच्या झडपेचा ताबा या संगमावर राहत नाही आणि स्वादुपिंडाचा पाचकरस उलटा पित्तनलिकेत शिरतो. वर्षानुवर्षे त्याचा मारा सोसणाऱ्या अस्तरात दाह होतो, आणि वाढत्या वयाबरोबर कर्करोगाचा धोकाही वाढत जातो. प्रौढांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा आग्रह धरला जातो तो मुख्यतः यासाठीच.

पूर्वी सिस्ट जागेवरच ठेवून ती आतड्याला जोडत असत. शस्त्रक्रिया सोपी होती, कावीळही उतरत असे. पण रोगट अस्तर आतच राहिल्याने पुढे जंतुसंसर्ग, खडे आणि कर्करोग उद्भवत. अशी जोडणी पूर्वी झालेल्यांनाही आता सिस्ट काढून टाकण्याचाच सल्ला दिला जातो.

आज पित्ताशयासह संपूर्ण सिस्ट कापून काढतात. लहान आतड्याचा एक फाटा वर ओढून तो यकृतातून बाहेर येणाऱ्या नलिकेला जोडतात; रू-एन-वाय या इंग्रजी Y अक्षरासारख्या जोडणीमुळे अन्न सहसा त्या फाट्यात चढत नाही, आणि पित्त व पाचकरस यांच्या वाटाही वेगळ्या होतात. खरे कौशल्य खालच्या टोकाशी लागते. स्वादुपिंडात दडलेला सिस्टचा तुकडा उरला तर धोका उरतो, आणि फार खोलवर गेल्यास स्वादुपिंडाच्या नलिकेलाच इजा होते. प्रौढांमध्ये वारंवारच्या दाहामुळे सिस्ट मागच्या पोर्टल शिरेला, म्हणजे आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला, घट्ट चिकटलेली असू शकते. अशा वेळी लिली या शल्यचिकित्सकांच्या पद्धतीने मागच्या भिंतीचा बाहेरचा थर शिरेवर तसाच ठेवून आतले अस्तर तेवढे सोलून काढतात. अनुभवी शल्यचिकित्सक हेच काम दुर्बिणीद्वारेही करतात.

फुगवटा नलिकेच्या कोणत्या भागात आहे यावरून जपानी शल्यचिकित्सक तोदानी यांनी १९७७ मध्ये सांगितलेल्या पाचही प्रकारांना मात्र हा उपाय जसाच्या तसा लागू होत नाही. आतड्याच्या भिंतीतील लहान फुगवट्याला अनेकदा एंडोस्कोपीने छेद देणे पुरते. यकृताच्या आतील नलिकाही फुगलेल्या असतील, तर यकृताचा तेवढा भाग काढावा लागू शकतो, आणि विकार दोन्ही बाजूंना पसरून यकृत निकामी होऊ लागले तर प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर जोड अरुंद होऊन ताप किंवा कावीळ परतू शकते, कधी ती बऱ्याच वर्षांनीही. कर्करोगाचा धोका पुष्कळ घटतो, पण शून्य होत नाही; म्हणून यकृताच्या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी ठरावीक काळाने, आयुष्यभर करत राहावी लागते.