स्टॅबिलायझरवर फोनची लेव्हल : पार्श्वभूमी

चित्रीकरणात ‘लेव्हल’ म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे न कलता आडवा सरळ असणे. तो एका बाजूला केवळ १ अंश कलला, तर १९२० पिक्सेल रुंदीच्या फुल एचडी चौकटीत क्षितिजरेषेच्या दोन टोकांमध्ये सुमारे ३३ पिक्सेलचा फरक पडतो. मागे समुद्र असेल, इमारतीची कड असेल किंवा मंडपाची झालर असेल, तर एवढा फरक डोळ्यांना लगेच खटकतो. ट्रायपॉडवरचा कॅमेरा एकदा लेव्हल केला की काम भागते. स्टॅबिलायझरवरचा, म्हणजे चालताना धक्के लागू नयेत म्हणून वापरायच्या सांगाड्यावरचा, कॅमेरा मात्र चालत्या माणसाबरोबर तरंगत असतो, त्यामुळे लेव्हल दाखवणारे काहीतरी सतत नजरेसमोर असावे लागते. हलके स्टॅबिलायझर वापरणाऱ्या अनेकांनी ही गरज त्याच्या खालच्या पट्टीवर कल दाखवणारा स्मार्टफोन बसवून भागवली. वरवर पाहता हा जुगाड आहे. परंतु हलत्या वस्तूवर लेव्हल कशी मोजायची, हा प्रश्न फोनपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे उत्तर एका साधनाने कधीच मिळालेले नाही.

गवंड्याच्या हातातील ओळंबा आणि पाणसळ ही या साधनांची मूळ रूपे होत. काचेच्या बंद नळीत द्रव भरून त्यात एक बुडबुडा ठेवायचा, ही आजच्या पाणसळीची कल्पना फ्रेंच विद्वान मेल्शिसेदेक तेव्हनो याने १६६१ च्या सुमारास मांडली. द्रव म्हणून मद्यार्क वापरला जाई, कारण तो थंडीत गोठत नाही. ‘स्पिरिट लेव्हल’ या इंग्रजी नावातील ‘स्पिरिट’ हा शब्द तिथूनच आला. ट्रायपॉडच्या हेडवर बसवलेला ‘बबल’ हे याच पाणसळीचे गोल रूप आहे.

पाणसळ खरे बोलते ते स्थिर असताना. तिला कळते ते ‘खाली’ म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि हालचालीतले त्वरण या दोहोंची बेरीज असते, आणि ही बेरीज वेगळी करून दाखवणे तिला शक्य नसते. माणूस सेकंदाला दीड मीटर वेगाने २ मीटर त्रिज्येच्या वळणावरून चालत असेल, तर बुडबुडा सुमारे साडेसहा अंशांचा कल दाखवील, मग कॅमेरा प्रत्यक्षात कितीही सरळ असो. चित्रीकरणातल्या लोकांना ही गोष्ट अनुभवाने कळली; वैमानिकांना ती त्यांच्याआधी, आणि जिवावर बेतून, कळली होती. ढगांत वळणाऱ्या विमानात वैमानिकाला बसल्या जागी जे ‘खाली’ वाटते, ते जमिनीच्या दिशेने असेलच असे नाही. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवले आणि उतरवले, तेव्हा त्यांच्यासमोर स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखवणारे उपकरण, होते. त्यात जायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरणारे चाक, आपली दिशा धरून ठेवतो. मात्र तोही काही मिनिटांत हळूहळू ढळतो, म्हणून गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने त्याला सावकाश जागेवर आणावे लागते. क्षणाची साक्ष जायरोची आणि दीर्घकाळाची साक्ष गुरुत्वाकर्षणाची, ही विभागणी तेव्हापासून आजवर टिकून आहे.

कॅमेऱ्याच्या बाजूने या कथेची सुरुवात १९७० च्या दशकात होते. फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन यांनी स्टेडीकॅम तयार केला आणि १९७६ साली पडद्यावर आलेल्या चित्रपटांत तो प्रथम दिसला. १९७८ मध्ये त्याला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. वर कॅमेरा, खाली बॅटरी व मॉनिटर, आणि मधल्या दांड्यावर गुरुत्वमध्याच्या किंचित वर गिंबल, म्हणजे सर्व बाजूंना मोकळा फिरणारा सांधा, अशी त्याची रचना असते. म्हणजे हा सांगाडा स्वतःच एक अत्यंत मंद ओळंबा आहे. आडवा धरून सोडला की सरळ व्हायला त्याला जो वेळ लागतो, त्याला चालवणारे ‘ड्रॉप टाइम’ म्हणतात, आणि तो साधारण दोन-तीन सेकंदांचा ठेवला जातो. खालची बाजू जास्त जड ठेवली, तर थांबताना आणि निघताना सांगाडा झुलतो. गंमत अशी की त्यावर बसवलेला बुडबुडाही त्याच त्वरणाला बळी पडत असल्याने, सांगाडा झुलून कललेला असतानाही बुडबुडा बराचसा मध्यावर दिसू शकतो. चोर आणि साक्षीदार एकाच घरचे! पुढे महागड्या स्टेडीकॅमच्या मॉनिटरवर इलेक्ट्रॉनिक लेव्हल दिसू लागली; हातात धरायच्या स्वस्त स्टॅबिलायझरवर मात्र फार तर एखादा बुडबुडाच असे.

फोनमध्ये लेव्हल मोजण्याची क्षमता आली ती चित्रीकरणासाठी नव्हे. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले सूक्ष्म वजन, त्याला धरणाऱ्या तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगा आणि वजन सरकले की बदलणारी विद्युत धारकता, अशी रचना असलेले त्वरणमापक १९९० च्या दशकाच्या आरंभी मोटारींच्या एअरबॅगसाठी बाजारात आले. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये असा मापक होता तो पडदा आडवा-उभा फिरवण्यासाठी. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले आणि पडद्यावर बुडबुडा दाखवणारी ॲप्स लवकरच आली. मात्र ही अजून पाणसळच होती, वळणावर तशीच फसणारी. खरा बदल २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये जायरोस्कोप आल्यावर झाला. आता दोन्ही साक्षी एका खिशात मावत होत्या आणि त्यांचा मेळ घालणारे गणित फोनच करत होता. त्याच सुमारास, २००८ च्या कॅनन ५डी मार्क २ मुळे, डीएसएलआर या मूळच्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांवर चित्रीकरण करणारे वाढले होते आणि हलक्या स्टॅबिलायझरला मागणी आली होती.

प्रत्यक्ष वापरात काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. फोनचे वजन साधारण १५० ते २३० ग्रॅम असते, त्यामुळे तो आधी बसवून मगच तोल साधावा लागतो. नंतर लावला तर ड्रॉप टाइम बदलतो. नव्या फोनची पाठ कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे सपाट बसत नाही, म्हणून फोमची पट्टी लावणे बरे. आणि फोन सायलेंटच नव्हे, तर फ्लाइट मोडवर ठेवावा, नाहीतर ऐन शॉटमध्ये आलेला कॉल सांगाडा थरथरवतो.

तपासणीची पद्धत मात्र जुन्या गवंड्याचीच आहे. फोन टेबलावर ठेवून आकडा पाहायचा, मग तो जागच्या जागी १८० अंश फिरवून पुन्हा पाहायचा. पहिल्यांदा १.२ आणि दुसऱ्यांदा उणे ०.४ दिसले, तर दोहोंची सरासरी, म्हणजे ०.४ अंश, ही फोनची चूक, उरलेला ०.८ अंश टेबलाचा कल.

२०१३ मध्ये फ्रीफ्लाय कंपनीच्या मूव्ही एम१० ने मोटरवर चालणारे, तिन्ही दिशांचा कल स्वतःच सावरणारे तीन अक्षांचे गिंबल चित्रीकरणात रुळवायला सुरुवात केली. अशा यंत्रात त्वरणमापक आणि जायरोस्कोप कॅमेऱ्याच्या पट्टीलाच जोडलेले असतात, त्यामुळे वेगळी लेव्हल पाहण्याची गरज पुष्कळ कमी झाली. आज तर फोन स्वतःच गिंबलवर बसतो. तरी गाडीतून लांब वळण घेत चित्रीकरण केले, की क्षितिज हळूहळू कलते आणि वळण संपल्यावर पुन्हा हळूहळू सरळ होते. जायरोची साक्ष इतका वेळ पुरत नाही, आणि त्वरणमापक तोवर वळणालाच ‘खाली’ समजू लागलेला असतो.