रद्दीवाला जे नेत नाही

दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, बिस्किटाच्या पुड्याची लाल पट्टी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती आणि कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा. घरात दोन लहान मुलं असताना कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, करायला बसलं की आज हाताशी येणारा माल साधारण एवढाच. यातल्या निम्म्या वस्तू चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठी घरात येतच नव्हत्या, आणि ज्या येत होत्या त्यांना कचरा म्हणायची पद्धत नव्हती. घरच्या कचऱ्यातून चित्र करणं हा आजीच्या काळातला काटकसरी उद्योग, असा एक समज आहे. आजीकडे एवढा कचराच नव्हता.

जुन्या घरातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक होतं. वर्तमानपत्र किलोवर रद्दीवाल्याकडे जायचं आणि किराणा दुकानातून पुडी होऊन, दोऱ्याने बांधून परत घरात यायचं. तो दोराही गुंडाळून ठेवला जायचा. जुन्या साड्या बोहारणीला, बदल्यात स्टीलचं पातेलं, आणि पातेलं लहान की मोठं यावर दारात अर्धा तास घासाघीस. पत्रा-पितळ भंगारात, भाजीची सालं गाईपुढे. बोहारीणही नाक मुरडेल अशा लुगड्या-धोतरांची गोधडी व्हायची. मुलांच्या वाट्याला उरायचे काडेपेटीचे छाप, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, बांगड्यांच्या काचा आणि चिंचोके. त्यांचं चित्र करण्यापेक्षा ते जमवणं आणि अदलाबदल करणं हाच खेळ असे.

गोधडीला कोलाज म्हणावं का, यावर मतं वेगळी आहेत. माझ्या मते ते शिवलेलं कोलाजच, पण पांघरता येतं म्हणून त्याला कुणी चित्र म्हटलं नाही. हा उपयोगाचा मुद्दा पुढे सारखा आडवा येणार आहे.

युरोपातला इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: १९१२ साली फ्रान्समध्ये पिकासो आणि ब्राक या दोन चित्रकारांनी मेणकापड आणि भिंतीचा छापील कागद चित्रात चिकटवला आणि ‘चिकटवणे’ या फ्रेंच क्रियापदावरून कलाप्रकाराला कोलाज हे नाव मिळालं. त्याच्या बरंच आधी, १७७२ साली, इंग्लंडमधल्या एका विधवा बाईने वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलं करायला घेतली आणि पुढच्या दहाएक वर्षांत हजाराच्या आसपास चित्रं केली. तिला मूलबाळ नव्हतं. कलेच्या इतिहासात ही बाब तळटीप म्हणून येते. इथे ती मुख्य मजकुरात हवी. कचऱ्यापुरतं बोलायचं तर खरा मूळपुरुष जर्मनीतल्या हॅनोव्हरचा चित्रकार कुर्ट श्विटर्स. पहिलं महायुद्ध संपता संपता तो ट्रामची तिकिटं, वेष्टणं, तारा, फाटक्या जाहिराती चिकटवू लागला, आणि एका बँकेच्या जाहिरातीतल्या शब्दाचा उरलेला तुकडा त्याने आपल्या कलेचं नाव म्हणून घेतला. त्याच सुमाराला, १९१८च्या नोव्हेंबरात, त्याच्या घरी मुलगा जन्मला. युद्धानंतरच्या भंगलेल्या जगाबद्दल त्या चित्रांवर भरपूर लिहिलं गेलं. पाळण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट चित्रकलेच्या दारातून आलीच नाही. ती शाळेतून आली. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला गेला आणि त्याला एक वादग्रस्त शेपूट होतं: मुलाच्या हातून निघालेल्या वस्तूला बाजारात किंमत यावी आणि त्यातून शिक्षकाचा पगार निघावा. पगाराचा भाग मागे पडला, पण वस्तू उपयोगी असली पाहिजे हा आग्रह राहिला. १९६६च्या शिक्षण आयोगाच्या अहवालाने ‘कार्यानुभव’ आणला. १९७७ साली दुसऱ्या एका समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव दिलं. यातला एकही शब्द चित्राला जागा देत नाही. अपवाद बोर्डी-कोसबाडकडच्या अंगणवाड्यांचा. तिथे १९४५पासून शिंपले, बिया, पानं, माती असं गावात मिळेल ते साहित्य मुलांच्या हातात दिलं गेलं, आणि त्यातून काही उत्पादन व्हावं अशी अपेक्षा नव्हती. पण शहरातल्या शाळांपर्यंत कार्यानुभवाचा तासच पोचला, आणि त्या तासाचं ब्रीद झालं ‘टाकाऊतून टिकाऊ’.

या दोन शब्दांनी मराठी घरांत जेवढा गोंधळ घातला तेवढा क्वचितच कुठल्या यमकाने घातला असेल.

‘टाकाऊ’ म्हणजे टाकून देण्याजोगं, हे ठरवणार कोण? रद्दीवाला पुठ्ठ्याला पैसे देतो, तर पुठ्ठा टाकाऊ नाही. दुधाची स्वच्छ धुतलेली पिशवी त्याला चालते. आतून चांदीचा मुलामा असलेलं वेफर्सचं पाकीट तो हातात घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. म्हणजे काटेकोरपणे टाकाऊ ते पाकीटच. पण शाळेच्या कपाटात पाहिलं तर दिसतात करवंटीचं कासव, बाटलीची फुलदाणी, आईस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड. करवंटी चुलीत किंवा बंबात जळण म्हणून जायची, बाटलीला भंगारात भाव होता. काड्यांचं तर विचारूच नका. एका शाळेने ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ स्पर्धेसाठी वीस काड्या मागितल्या, मुदत दुसऱ्या दिवसाची. एका रात्रीत वीस आईस्क्रीम कोण खाणार? कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पन्नास काड्यांचं सीलबंद पाकीट मिळालं. उरलेल्या तीस काड्या अजून घरात आहेत, आणि ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्या आल्या तीच काय ती त्या दिवशीची खरी टाकाऊ वस्तू होती.

‘टिकाऊ’चं दुखणं निराळं. टिकायला हवं, म्हणजे वापरता यायला हवं, निदान शोकेसमध्ये ठेवता यायला हवं. तीन वर्षांच्या मुलासोबत केलेलं कोलाज यातलं काहीच करत नाही. त्याचा एक कोपरा ओला असतो, एक उपटलेला असतो, मधे कुठेतरी वरणाचा डाग. ते पुरं झालं की नाही हेही सांगता येत नाही. त्यामुळे आई जेव्हा मुलांबरोबर किंवा मुलं निजल्यावर स्वतःसाठी असं काही करते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘याचं काय करणार?’ आणि याला मराठीत तयार उत्तर नाही. चित्र म्हणावं तर ती चित्रकार नाही. हस्तकला म्हणावं तर वस्तू निघाली नाही.

हाच पेच अमेरिकेत १९७७-७८च्या हिवाळ्यात दोन चित्रकर्तींनी सोडवायला घेतला होता. स्त्रीवादी नियतकालिकातल्या एका लेखात त्यांनी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आणि जोडलेल्या तुकड्यांच्या कामाला ‘फेम’ (फ्रेंचमध्ये बाई) आणि ‘कोलाज’ मिळून ‘फेमाज’ असा जोडशब्द घडवून दिला. त्यासाठी १४ कसोट्या सांगितल्या आणि निम्म्या तरी लागू व्हाव्यात असा नियम घातला. साठवणं आणि जमवणं हा कामाचा भाग असावा, तुकडे पुन्हा वापरलेले असावेत, प्रेक्षक जवळचे, घरचे असावेत, नजर रोजनिशी लिहिणाऱ्याची असावी, अशा त्या कसोट्या आहेत. गोधडी यात सहज पास होते. मात्र त्यांच्या यादीतही एक कसोटी उपयोगाची आहे: वस्तूला सौंदर्याबरोबर व्यवहारातलं आयुष्यही असावं. एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला अमेरिकन स्त्रीवाद, आणि दोघांनाही शेवटी बाईच्या हातून काहीतरी कामाचं निघालेलं हवं होतं! तो शब्द मराठीत रुजला नाही. रुजला असता तरी मुलांनी सांडलेल्या डिंकाबद्दल त्यात कसोटी नव्हती.

मुलं आणि कोलाज यांची जोडी जमली ती कुठल्या सिद्धांताने नाही, कामाच्या स्वभावाने. तैलरंग उघडले की हात अडकतो, टर्पेंटाइन झाकायचं राहतं, आणि तेवढ्यात न्हाणीघरातून हाक येते. कोलाजचा तुकडा न चिकटवता नुसता ठेवून उठता येतं. परत आल्यावर तो दुसरीकडे सरकलेला असतो, कधी धाकट्याच्या तोंडात असतो. (म्हणून बाटल्यांची झाकणं, बटणं आणि घड्याळाचे सेल या घरांतल्या खोक्यात नसतात.) वीस मिनिटांच्या झोपेत जेवढं होईल तेवढं करायचं, यावर हे माध्यम रुसत नाही.

माल मात्र वाढला तो १९९०च्या दशकापासून. सुटी बिस्किटं, सुटं तेल, कागदात बांधलेला चहा मागे पडला आणि पाकिटं आली. २००० आणि मग २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला आणि कोरडा वेगळा ठेवायला सांगितलं. पुण्यासारख्या शहरात हे दारापर्यंत पोचवलं ते कचरावेचक बायकांनी. त्यांची संघटना १९९३ची, दारोदार कचरा उचलणारी सहकारी संस्था २००८ची. घरोघरी कोरड्या कचऱ्याची स्वतंत्र बादली आली, म्हणजे खरकटं न लागलेला, रंगीत, वाळलेला माल रोज एका जागी जमा होऊ लागला. ज्या घरात तीन वर्षांचं मूल आहे तिथे या बादलीचं पुढे काय होतं हे सांगायला नको.

मग २३ मार्च २०१८ची महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी. लोकांना तीन महिन्यांची मुदत होती. २३ जूनपासून पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. पिशव्यांवरून भाजीबाजारात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मुलांच्या कपाटांपुरता खरा घाव थर्माकोलवर होता. शाळेचा प्रकल्प म्हणजे थर्माकोलची शीट, हे समीकरण दोन पिढ्यांचं. मखरांचे व्यापारी गणपतीपुरती सवलत मागायला उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. पुठ्ठ्याचा सुवर्णकाळ तिथून सुरू झाला. दुधाच्या जाड पिशव्यांना सूट मिळाली, पण परत दिली तर पन्नास पैसे अशी तरतूद जोडून. आमच्या घरी समुद्र करायला नेहमी निळ्या दुधाच्या पिशव्या वापरल्या जात. त्या दिवशी थोरल्याने हिशेब केला की हा समुद्र सात रुपयांचा आहे.

२५ मार्च २०२०पासून टाळेबंदी आली आणि रद्दीवाला यायचाच थांबला. काही काळ वर्तमानपत्रही दारात पडेना. घरात खोकी साचली, मुलं घरातच, आणि बालवाडीच्या बाई पडद्यावरून ‘घरात जे असेल ते’ आणायला सांगत. आज दिसणाऱ्या कितीतरी फ्रीजवरच्या चित्रांची, भिंतभर पुठ्ठ्यांची सुरुवात त्या महिन्यांतली आहे.

१ जुलै २०२२ला देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली. तिच्या यादीतल्या काही वस्तू अशा: कान साफ करायच्या प्लास्टिकच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या काड्या, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या खोक्यांवरचं आणि निमंत्रणपत्रिकांवरचं पातळ वेष्टण. सरकारी अधिसूचना म्हणून नाही, हस्तकलेच्या खोक्याची यादी म्हणून वाचली तरी फरक पडत नाही.

एक हिशेब मात्र कोलाजच्या बाजूने लागत नाही, आणि तो कचरा वेगळा करणाऱ्या बायका रोज मांडतात. स्वच्छ पुठ्ठा विकला जातो. त्यावर फेविकॉलने वेफर्सचं पाकीट, टिकल्या आणि चमकी चिकटवली की तो ना पुठ्ठ्यात जातो ना प्लास्टिकमध्ये. फेविकॉल १९५९चा. त्याआधी घरात डिंक असायचा किंवा मैद्याची खळ, आणि खळीने चिकटवलेलं पाण्यात सुटतं. अलीकडे काही घरांत खळ परत शिजू लागली आहे: कागदावर कागदच लावायचा, चकाकी बाजूला ठेवायची, महिनाभराने भिजवून पुठ्ठा मोकळा करायचा. बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचे. ते विषारी, मुलांच्या हाताला लागणार म्हणून घालायचं नाही. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात झुरळं येतात, आणि बहुतेक वेळा समुद्राच्या कडेपासून सुरुवात करतात.