नकाराचा सांधा

दाढी झाली, डोक्याला तेल लागलं आणि मंगळवार पेठेतल्या त्या दुकानातल्या पोरानं माझी हनुवटी एका तळव्यात, डोक्याची मागची बाजू दुसऱ्या तळव्यात धरली. "मास्तर, मान मोडू? हलकं वाटंल." मी गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट खुर्चीतून उठलो. त्याला वाटलं, मास्तर भित्रे आहेत. आहेच. पण कशाला भ्यालो ते सांगायला खुर्चीतली पाच मिनिटं पुरली नसती.

मान दुखली की आपल्याकडे निदान तयार असतं: स्पॉन्डिलायटिस. मग गळ्यात पट्टा, उशी उन्हात, आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खाणारे तर अजून आहेत. ज्या झिजेला आपण हे नाव देतो, ती बहुतेकदा मानेच्या खालच्या निम्म्यात, पाचव्या-सहाव्या मणक्याच्या आसपास असते. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या मानेच्या एक्स-रेतही ती सर्रास दिसते. मोबाइलमुळे मानेवर २७ किलोचा भार पडतो, हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं लाडकं वाक्य २०१४ सालच्या एका संगणकी गणितातून आलंय. कुणाच्या मानेत ताणकाटा अडकवून मोजलेलं नाही. असो. वरचे दोन मणके हे वेगळंच प्रकरण आहे आणि माझा जीव त्यांच्यातच अडकलाय.

मानेत मणके सात. खालचे पाच साधारण एका साच्यातले, पुढे हाडाचा ठोकळा आणि दोन ठोकळ्यांमध्ये गादी. वरच्या दोघांमध्ये गादी नाही. पहिला तर नुसतं कडं आहे. साडेचार-पाच किलोचं डोकं त्याच्यावर टेकलेलं, म्हणून आकाश पेलणाऱ्या ग्रीक अ‍ॅटलसचं नाव त्याला मिळालं. बारसं आपण केलं असतं तर शेषनाग म्हटलं असतं. डोकं या कड्यावर पुढं-मागं डोलतं. नंदीबैल मान हलवतो ती इथे. हा होकाराचा सांधा. त्याच्या खालचा दुसरा मणका अ‍ॅक्सिस. त्याच्या अंगावर एक हाडाचा सुळका उभा असतो, त्याला डेन्स म्हणजे दात म्हणतात. कडं या दाताभोवती डावी-उजवीकडे फिरतं. हा नकाराचा सांधा.

घरात जातं असेल तर एकदा वरची तळी उचलून बघा. खालच्या तळीत मेख, वरच्या तळीला मधे भोक. गंमत अशी की मेख ज्या भोकात असते त्याच भोकातून आपण दाणेही घालतो. मानेत नेमकं हेच आहे. कड्याच्या पोकळीत पुढच्या बाजूला दात आणि त्याच पोकळीत मागे मज्जारज्जू, म्हणजे मेंदूतून हातापायांकडे जाणारी सगळी वायरिंग. मेख ढिली झाली तर दळलं काय जाईल, ते वेगळं सांगायला नको.

मेख ढिली होऊ नये म्हणून दाताच्या मागून एक आडवा पट्टा गेलेला असतो. कड्याच्या आतल्या भिंतीला दोन्हीकडे बांधलेला, जाड, आणि जवळजवळ न ताणला जाणारा. तो दाताला कड्याच्या पुढच्या कमानीशी धरून ठेवतो. दात आणि कमान यांच्यातली फट मोठ्या माणसात साधारण ३ मिलिमीटरच्या आत असते, लहान मुलांत ५ पर्यंत चालते. कड्याच्या पोकळीची वाटणीही ठरलेली: ढोबळमानाने एक तृतीयांश दात, एक तृतीयांश मज्जारज्जू आणि एक तृतीयांश मोकळी जागा. ही मोकळी जागा म्हणजे निसर्गानं ठेवलेली शिल्लक. ती आहे म्हणून थोडं सरकलं तरी माणूस चालताफिरता असतो. आणि ती आहे म्हणूनच रोग उशिरा कळतो.

अजून एक, राहवत नाही म्हणून. हा दात मुळात दुसऱ्या मणक्याचा नाहीच. गर्भात तो पहिल्याचा ठोकळा म्हणून घडतो, मग त्याला सोडून खालच्याला जाऊन चिकटतो. म्हणून वरचा कडं झाला. हे चिकटणं कधी कधी अर्धवट राहतं, मग दाताच्या जागी सुटा खडा दिसतो आणि सांधा डळमळू शकतो.

धडधाकट माणसाला हा सांधा घरबसल्या बघता येतो. हनुवटी छातीला टेकवा. खालचे मणके त्यानं बरेचसे जखडतात. आता तशीच मान हळू डावी-उजवीकडे फिरवा. जे चाळीसेक अंश वळतंय ते बहुतेक याच एका सांध्याचं. सरळ मानेनं आपण जितकं वळतो त्याचं जवळपास निम्मं. हातात मुंग्या किंवा चक्कर असेल तर मात्र हा खेळ नको.

पट्टा सैल होतो कशानं? आमवातानं, म्हणजे रुमॅटॉइडच्या सुजेनं तो कुरतडला जातो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत तो जन्मतःच ढिला असू शकतो. क्षयरोग हा सांधा खातो. घशाच्या जंतुसंसर्गानंतर एखाद्या लहान मुलाची मान अचानक वाकडी होऊन बसते, तेव्हाही बोट इथेच दाखवावं लागतं. अपघात आहेतच.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना वीस वर्षांचा आमवात. गुडघे-बोटं दुखतात, त्यात मानेकडे कोण बघणार! आधी ब्लाउजची हुकं लागेनात. मग कोथिंबीर निवडताना काडी बोटांतून सुटायला लागली. एक दिवस पायातली चप्पल रस्त्यात राहिली आणि त्या दहा पावलं पुढे गेल्या, कळलंच नाही. घरचे म्हणाले, वय झालं. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलल्या. त्यांनी आजींचं मधलं बोट हातात धरून टोकाच्या नखावर टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. मज्जारज्जू दाबला जात असल्याची ही खूण.

साधा एक्स-रे इथे फसवतो. मान सरळ असताना दात जागेवर येऊन बसतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मान पुढं वाकवून एक आणि मागं नेऊन एक, असे दोन काढतात. आजींची फट मागं ३, पुढं ८ मिलिमीटर. मग मज्जारज्जूसाठी एमआरआय, हाडांसाठी सीटी, आणि रक्तवाहिनीचा नकाशा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणारी धमनी मणक्यांच्या भोकांतून वर येते आणि पहिल्या कड्याला वळसा घालून कवटीत शिरते. मान झटक्यात पिळली तर तिचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि लकवा होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. दुकानातल्या त्या 'कट' आवाजात हाड वगैरे काही बसत नसतं, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, इतकंच.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. संसर्गाला औषधं आणि गळ्यात पट्टा, काही फ्रॅक्चरना हेलो नावाची डोक्याभोवतीची चौकट. पण मज्जारज्जू दाबला जात असेल तर दोन्ही मणके एकमेकांना जखडावेच लागतात. पूर्वी तारेनं बांधायचे. तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पहिल्याच्या बाजूच्या जाड भागात आणि दुसऱ्यात वेगवेगळे स्क्रू घालून ते पट्टीनं जोडले. २००१ साली जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळ्या वापरल्या. आज जगभर ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते. स्क्रू साडेतीन मिलिमीटर जाडीचा, आणि शेजारून ती धमनी. नकाशा त्यासाठीच.

आजींची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालं. हुकं लागतात, थोडा वेळ घेऊन. मागून हाक मारली की खांद्यासकट वळतात. परवा पांढरा रस्सा आणखी वाढायला गेलो तर मानेऐवजी त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. तांबड्याला मात्र मान डोलावली. तो सांधा डॉक्टरांनी सोडलाय.