कारवीची सात वर्षे, शार्कची दीडशे

सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी सात-आठ वर्षे फुलतच नाही. दर पावसाळ्यात तिला खरखरीत, दातेरी कडांची मोठी पाने येतात आणि पुढे ती झडून नुसत्या काठ्या उरतात. कुडाच्या भिंतींना लागतात त्या याच काठ्या. मग एका वर्षी पावसाळा सरता सरता सारा डोंगरउतार एकदम जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातो, आणि बी धरले की झाड मरते. वाळलेली बोंडे पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी तडतडत फुटतात. एकाच वेळी इतके बी पडते की खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ शिल्लक राहते, असे या सामूहिक फुलोऱ्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंड, खोल पाण्यातला ग्रीनलँड शार्क मात्र याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तो वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. त्याचे मणके इतके मऊ असतात की वय सांगणारी वलये त्यांत मिळत नाहीत. म्हणून संशोधकांनी त्याच्या डोळ्याकडे मोर्चा वळवला. भिंगाचा मधला गाभा पिल्लू जन्मण्याआधीच घडतो आणि त्यातील प्रथिने आयुष्यभर तीच राहतात, त्यामुळे त्यांतील कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार मोजून जन्मकाळाचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत मला फार सुंदर वाटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २८ माद्या तपासल्या गेल्या आणि पाच मीटर लांबीच्या सर्वांत मोठ्या मादीचे वय ३९२ वर्षे, १२० वर्षे कमी-अधिक, असे निघाले. मादी वयात येते ती सुमारे दीडशेव्या वर्षी, लांबी चार मीटरच्या आसपास गेल्यावर.

फुलण्याआधी तोडलेली कारवी आणि वयात येण्याआधी पकडलेला शार्क, दोघेही वंश न ठेवता जातात. फरक एवढाच, की कारवीचा उतार रिकामा पडला तर तो पुढच्या काही वर्षांत डोळ्यांना दिसतो, तर समुद्रातले नुकसान कित्येक पिढ्या दिसत नाही. विसाव्या शतकात यकृताच्या तेलासाठी या शार्कची मोठ्या प्रमाणावर शिकार झाली. ती थांबल्यानंतर जन्मलेली एकही मादी, या हिशेबाने, अजून वयात आलेली नाही.