देयक-फसवणूक प्रतिबंध (सार्वजनिक वैद्यकीय साहाय्य योजना)

गरीब रुग्णांवरील उपचारांचा मोबदला सरकारी निधीतून घेणारी रुग्णालये, प्रयोगशाळा व साहित्य-पुरवठादार यांच्या खोट्या वा फुगवलेल्या देयकांना आळा घालणारी तपासणी-व्यवस्था. महाराष्ट्रात ती मुख्यत्वे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशी निगडित असून कारभार मुंबईत वरळी येथून राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते.

व्यवस्थेचा आरंभ कधीपासून धरावा, यावर मतभेद संभवतो. सामान्यतः तो फुले योजनेचे पूर्वरूप असलेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेपासून (२ जुलै २०१२) धरतात. पहिल्या आठ जिल्ह्यांत मुंबई शहर व उपनगर होते आणि नियोजित उपचारांपूर्वी ऑनलाइन पूर्वमान्यता घ्यावी लागे. तथापि या व्यवस्थेची मुळे १९८६ च्या जे. जे. रुग्णालय प्रकरणात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या, औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमुळे तेथे १४ रुग्ण दगावले. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, औषध-परीक्षण आणि पुरवठादार यांच्यातील साटेलोटे उजेडात आणले. तो प्रश्न विमा-दाव्याचा नव्हता. परंतु पुरवठादाराच्या कागदावर विसंबून चालणार नाही, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले.

न झालेल्या उपचाराचे बिल, साध्या उपचारासाठी महागडे पॅकेज (उपचाराचा ठरलेला एकत्रित दर) लावणे, कागदोपत्री रुग्ण दाखवणे हे नेहमीचे प्रकार. त्यामुळे दाव्यासोबत वैद्यकीय पुरावा मागितला जातो. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवण्यापूर्वीची व नंतरची चित्रे आणि स्टेंटच्या वेष्टनावरील क्रमांकाचे स्टिकर पाहतात. तोच क्रमांक दुसऱ्या रुग्णाच्या कागदांवर निघाला, तर लबाडी लपत नाही. दोषी रुग्णालयाकडून वसुली होते, अंगीकरणही (योजनेत उपचार करण्याची मान्यता) रद्द होऊ शकते.

आयुष्मान भारत योजनेत केंद्र व राज्य पातळीवर फसवणूक-विरोधी कक्ष आहेत. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालात सुमारे ७.५ लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. पात्रता मोबाइलवरून ठरत नाही, असा खुलासा केंद्राने केला.

रुग्णाकडून रोख रक्कम उकळणे मात्र या तपासणीत सहसा सापडत नाही. उपचार कॅशलेस असूनही ‘हे बाहेरून आणा’ म्हणून औषधे आणायला लावतात, वरचे पैसे पावतीविना घेतात. ही लूट सर्वांत क्रूर आहे, कारण आपला माणूस खाटेवर असताना नातेवाईक आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील योजनेचा मदतनीस) तक्रार करायला धजावत नाहीत. म्हणून घरी गेल्यानंतर रुग्णाकडे केलेली थेट विचारपूस अधिक उपयोगी पडते.