चावीच्या भोकातून शिरणारा पावसाळा

जुलैत भिजत-भिजत स्टेशनावरून एसी ऑफिसात शिरलं, की दहा मिनिटांत वडिलांच्या जुन्या चावीच्या घड्याळाला आतून वाफ धरते. आधी सहाच्या आकड्याशी राखाडी ठिपका, मग सेकंदकाटा दिसेनासा होतो. मनगटाची बाजू गरम, काच गार, आणि घड्याळाच्या पोटातली हवा जिथे गार पडेल तिथे पाणी सोडते. पाणी तरी किती? ३० अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते, २० अंशांची फक्त १७. घड्याळात मोकळी जागा घनसेंटिमीटरभर धरली, तर काचेवर येतं ते सुमारे १३ मायक्रोग्रॅम. तराजूला कळणारही नाही, पण तबकडी झाकायला पुरतं.

असं घड्याळ घड्याळजी उघडतो तेव्हा पहिला गंज बहुधा चावीच्या दांडीवरच दिसतो. काच घट्ट बसवता येते, मागचं झाकण आट्यांचं करता येतं. पण चावी रोज फिरवायची, ओढून काटे जुळवायचे, म्हणजे तिच्या दांडीसाठी भोक ठेवावंच लागतं. ओलीपासून घड्याळ वाचवण्याचा इतिहास बराचसा या एका भोकाचा इतिहास आहे.

खिशातल्या घड्याळाला ही चिंता कमी होती. ते कोटाच्या आत, कोरड्यात राहायचं. तरीही जिनिव्हाच्या फ्रान्स्वा बोर्जेलने १८९१ मध्येच एक पेटंट घेतलं होतं: मागचं झाकण वेगळं नाहीच, अख्खं मशीन आट्यांच्या कड्यात बसवून पुढून केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीत, पिळून घालायचं. घड्याळ मनगटावर आलं, पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात गेलं, तेव्हा अशा केसना खरी मागणी आली.

भोकावरचा पहिला तोडगा सरळसोट होता: घड्याळ चावीसकट दुसऱ्या डबीत बंद करायचं. हान्स विल्सडॉर्फच्या रोलेक्सचं १९२२चं ‘हर्मेटिक’ असंच होतं. पाणी शिरायचं नाही हे खरं, पण चावी द्यायला बाहेरची डबी रोज उघडायची, म्हणजे आटे झिजणार आणि पावसाळ्याची हवाही रोज आत जाणार. ओमेगाच्या १९३२च्या ‘मरीन’मध्येही डबीत डबीच होती, फक्त आटे नव्हते, आतली केस बाहेरच्या केसमध्ये सरकायची. १९३६ मध्ये ते जिनिव्हा सरोवरात ७३ मीटर खोल अर्धा तास ठेवून कोरडं वर काढलं. मला ही जात फार आवडते, पण रोज सकाळी वापरायला ती वैतागच.

टिकला तो दुसरा मार्ग. पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या दोन स्विस कारागिरांनी १९२५ मध्ये केसवरच पिळून बंद होणाऱ्या चावीचं पेटंट घेतलं. विल्सडॉर्फने ते विकत घेतलं आणि १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ बाजारात आणलं: काचेचं कडं, मागचं झाकण आणि चावी, तिन्ही आट्यांवर.

मग तो जाहिरातीला लागला, आणि यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मर्सिडिझ ग्लाइट्झ ही लंडनमधली टायपिस्ट ७ ऑक्टोबर १९२७ला इंग्लिश खाडी पोहून गेली. ते करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईने आपण तिच्यापेक्षा कमी वेळात खाडी पोहल्याचा दावा केला, नंतर तो खोटा असल्याचं कबूल केलं. आणि संशयाचे शिंतोडे उगाच ग्लाइट्झवरही उडाले. म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा पाण्यात उतरली. विल्सडॉर्फने दिलेलं ऑयस्टर या वेळी तिच्या गळ्यात होतं. पाणी आधीपेक्षा गार. दहा तासांहून जास्त झुंजल्यावर तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. २४ नोव्हेंबरला ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर रोलेक्सची पानभर जाहिरात झळकली. यशस्वी ठरलेल्या पोहण्यात घड्याळ नव्हतंच, हा तपशील आजही गोष्ट सांगताना गाळला जातो.

पण पिळून बंद करायच्या चावीतही खोट होती, ती माणसाच्या सवयीची: चावी दिली आणि परत पिळायला विसरलं, की भोक उघडंच. आइल ऑफ मॅनच्या जॉन हारवुडने याच दशकात चावीच काढून टाकली. मनगटाच्या हालचालीवर स्प्रिंग भरायची, काटे जुळवायला काचेभोवतीचं कडं फिरवायचं. त्याची कंपनी १९३१ मध्ये बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सने आपलं स्वयंचलित मशीन ऑयस्टर केसमध्ये घातलं. चावी राहिली, पण रोज उघडायचं कारण उरलं नाही.

भोक बुजवायचं तर त्यात भरायचं काय? आधी बूच, कातडं, शिसं. बूच वाळतं, कातडं आक्रसतं. नील्स क्रिस्टन्सनला १९३९ मध्ये रबरी ओ-रिंगचं अमेरिकी पेटंट मिळालं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घड्याळांनाही चांगली रबरी कडी मिळू लागली. ब्लाँपां कंपनीच्या १९५३च्या ‘फिफ्टी फॅदम्स’मध्ये कंपनीचा प्रमुख झां-झाक फिश्टरने चावीला दोन रिंगा दिल्या, पाण्याखाली ती चुकून ओढली गेली तरी आतली रिंग पाणी अडवावी म्हणून. तो स्वतः पाणबुड्या होता, असलं त्यालाच सुचणार. याच घड्याळाच्या लष्करी नमुन्यांत तबकडीवर एक छोटी गोल खूण असे. आत ओल शिरली की तिचा रंग बदले. पाणी शिरणारच नाही असं न सांगता शिरलं तर कळवू म्हणणारं घड्याळ मला जास्त प्रामाणिक वाटतं.

भाषेला हा प्रामाणिकपणा यायला वेळ लागला. १९६०च्या दशकात अमेरिकी व्यापार आयोगाने ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला हरकत घेतली आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ आला. आजच्या मानकातली एक चाचणी तर घरगुती वाटावी इतकी साधी आहे: घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तव्यावर तापवायचं, काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटाभराने पुसायचा आणि काचेत बघायचं. आतून वाफ दिसली तर घड्याळ नापास.

मी ऑफिसात शिरतो तेव्हा हीच चाचणी होते. फरक एवढाच, की माझ्या घड्याळाला रबर मुळातच नव्हतं. एचएमटीचं उत्पादन १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत सुरू झालं आणि घरोघर चावीची घड्याळं आली. त्यातली स्वस्त घड्याळं दाबून बसणाऱ्या झाकणाची होती. आणि नवी रिंग घातलेलं घड्याळही श्रावणात उघड्या टपरीवर बंद केलं, तर दमट हवाच आत कोंडली जाते. म्हणून जाणते घड्याळजी झाकण लावण्याआधी मशीन टेबललॅम्पखाली ठेवतात. तांदळाच्या डब्यात घालायचा उपाय आमच्या घरीही झाला. दोन दिवसांनी घड्याळ उघडलं तर पीठ आत आणि ओलही तशीच.

ओलीने डागाळलेल्या कित्येक तबकड्या इथे नव्याने रंगवल्या गेल्या, रंगही कारखान्याने कधी न वापरलेले. परदेशी संग्राहक अशा जोडकाम केलेल्या घड्याळांना नाक मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. वडिलांची तबकडी मी रंगवू दिली नाही. दहाच्या आकड्याशी चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग आहे, दरवर्षी थोडा पसरतो.